मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : दूरस्थ प्रशिक्षण

ज्या सॉफ्टवेअरची स्रोतसंहिता कोणासही पाहता, वापरता, बदलता व इतरांना वाटता येते, त्याच्या वापराचे आणि निर्मितीचे शिक्षण परस्परांपासून दूर असलेल्या व्यक्तींना आंतरजालाद्वारे देण्याची व्यवस्था. अशा सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांचा व वापरणाऱ्यांचा मिळून एक समुदाय बनतो. शेतकऱ्यांच्या सावडीत आज एकाच्या रानात राबणारे हात उद्या दुसऱ्याच्या रानात जातात. या समुदायातही आज शिकणाऱ्याने उद्या शिकवावे, दोष कळवावेत आणि शक्य झाल्यास ते दुरुस्त करावेत, अशी अपेक्षा असते. त्यामुळे येथील प्रशिक्षण हा विक्रीनंतरच्या सेवेचा भाग नसून समुदायाच्या अस्तित्वाचाच प्रश्न असतो. नवे सभासद तयार झाले नाहीत, तर उत्तम आज्ञावलीही काही वर्षांत निराधार होते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी ‘लिनक्स’ या परिचालन प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा मात्र १९९८ पासून रूढ झाली. प्रारंभीची पिढी पत्रव्यवहार-सूची व लिखित संभाषणकक्ष यांतूनच शिकली. ‘गूगल समर ऑफ कोड’ या २००५ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने विद्यार्थी व अनुभवी मार्गदर्शक यांची जोडी लावून देण्याची पद्धत जगभर नेली. भारतात पश्चिम बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स वापरकर्ता गटाने २००८ पासून चालविलेले विनामूल्य उन्हाळी प्रशिक्षण या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. ते लिखित संभाषणकक्षातच भरत असे. प्रश्न विचारू इच्छिणाऱ्याने फक्त उद्‌गारचिन्ह टाइप करून थांबावे व पाळी आल्यावर प्रश्न लिहावा, असा तेथील नियम होता. शाळेत हात वर करण्याचेच हे रूप. परंतु शेकडो मैलांवर विखुरलेल्या वर्गात शिस्त राखण्यास तेवढे पुरे पडे, आणि सत्राचा संपूर्ण वृत्तांत आपोआप लेखी स्वरूपात उरे.

लिखित माध्यमाचा लाभ आकड्यांतही दिसतो. प्रतिसेकंद एक मेगाबिट या वेगाने तासभर चित्रप्रसारण पाहिल्यास सु. ४५० मेगाबाइट माहिती वाहून न्यावी लागते. याउलट दोन हजार अक्षरचिन्हांच्या देवनागरी मजकुरास, प्रत्येक चिन्हास तीन बाइट धरले तरी, केवळ सु. सहा किलोबाइट लागतात. पाटणच्या डोंगरात किंवा आटपाडी-जतच्या विरळ वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक वर्गात बसता येणे व न येणे यांतील फरक ठरू शकतो.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये आणि वाळवे तालुक्यातील राजारामनगरची राजारामबापू तंत्रशास्त्र संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी चालविलेला लिनक्स वापरकर्ता गट आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिकवावे, हे त्याच्या कार्यशाळांचे सूत्र होय. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजविली, त्या परिसराला विनाशुल्क व परस्परसाहाय्याने शिकण्याची ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

या भागातील खरी अडचण भाषेची आहे. माण, खटाव, जत यांसारख्या तालुक्यांतून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. मुक्तस्रोत समुदायांचे दस्तऐवज, चर्चा व दोषनोंदी मात्र बहुतांशी इंग्रजीत असतात. स्रोतसंहिता सर्वांना खुली असली, तरी तिच्याभोवतीचे स्पष्टीकरण न कळणाऱ्यास ती बंदच राहते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कण्णन मौद्‌गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प हे या प्रश्नावरील सर्वांत पद्धतशीर भारतीय उत्तर म्हणावे लागेल. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याच्या केंद्रशासनाच्या राष्ट्रीय अभियानातून त्यास अर्थसाहाय्य मिळाले. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब, लाटेक इत्यादींवरील सु. दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ त्यात तयार करण्यात आले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन ध्वनिमुद्रित झाले. पाठ मुक्त परवान्याखाली असल्यामुळे त्यांच्या प्रती काढून जोडणी नसलेल्या ठिकाणीही नेता येतात.

पाठाची संहिता प्रथम लिहिली जाते आणि ध्वनिमुद्रणापूर्वी विषयात सर्वस्वी नवख्या असलेल्या व्यक्तीकडून ती पडताळून घेतली जाते. तज्ज्ञास सहज वाटणारी व म्हणूनच गाळली गेलेली पायरी अशा वेळी हमखास उघडी पडते. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ठेवून, पाठ थांबवीत प्रत्येक कृती स्वतः करावयाची असते. भाषांतरात निवेदन बदलते, पडद्यावरील दृश्य बदलत नाही. त्यामुळे मराठी वाक्य मूळ वाक्याला मिळालेल्या सेकंदांत बसवावे लागते. पडद्यावर ‘सेव्ह’ असे दिसत असताना निवेदकाने ‘जतन करा’ एवढेच म्हटल्यास नवखा गोंधळतो. म्हणून कळांची व सूचीतील आज्ञांची नावे इंग्रजीच ठेवून स्पष्टीकरण मराठीत करणे सोयीचे ठरते. वाई येथे मराठी विश्वकोशाच्या निमित्ताने परिभाषेचे मोठे काम झाले असून परिभाषासंग्रहाचा एक स्वतंत्र खंडही निघाला आहे. परंतु ग्रंथातील परिभाषा वाचकाला संकल्पना समजावून देते, तर पाठातील शब्दाने त्याचे बोट योग्य कळीवर न्यावयाचे असते. दोहोंचे निकष एक असू शकत नाहीत.

प्रशिक्षणाच्या आयोजनात व्याख्यानापेक्षा पूर्वतयारीला अधिक श्रम पडतात. सर्वांच्या संगणकांवर सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती असणे अगत्याचे असते. अन्यथा पहिला तास त्रुटिसंदेश वाचण्यातच जातो. एकाने शिकवावे, दुसऱ्याने लिखित प्रश्नांवर लक्ष ठेवावे आणि तिसऱ्याने अडलेल्यांना बाजूला घेऊन मदत करावी, अशी किमान विभागणी उपयुक्त ठरते. लिनक्सची स्थापना ही मात्र दूरस्थ पद्धतीने शिकविण्यास विशेष अवघड बाब आहे. ज्या संगणकावरून शिक्षकाचा आवाज ऐकू येतो, तोच स्थापनेच्या वेळी बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी विद्यार्थी एकटा पडतो. चकतीच्या विभाजनात चूक झाल्यास पूर्वीची सर्व माहिती नष्ट होण्याचाही धोका असतो. म्हणून ही एक पायरी महाविद्यालयात एकत्र जमून पार पाडावी व पुढील अभ्यास आंतरजालावरून चालवावा, हे शहाणपणाचे होय. ‘स्पोकन ट्यूटोरियल’च्या कार्यशाळाही मुळात प्रयोगशाळेत, संयोजकाच्या उपस्थितीत भरविण्यासाठीच योजिलेल्या होत्या. संयोजक विषयाचा तज्ज्ञ असण्याची गरज नसते. पाठ शिकवितो आणि संयोजक संगणक, कर्णसंच व वेळ सांभाळतो.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे टाळेबंदी जाहीर झाली आणि ही शेजारची सोबत एकाएकी नाहीशी झाली. अनेक विद्यार्थ्यांच्या हाती केवळ मोबाइल फोन होता. त्यावर व्याख्यान पाहता येते, पण व्याख्यान व सॉफ्टवेअर शेजारीशेजारी मांडता येत नाही. पाहून करणे मागे पडून नुसते पाहणे उरले. त्याच काळात प्रमाणपत्रे देणाऱ्या आंतरजालीय व्याख्यानांचा पूर लोटला. उपस्थितीवर मिळणाऱ्या त्या प्रमाणपत्रांचे शैक्षणिक मूल्य अल्पच म्हटले पाहिजे. अशा सत्रांसाठी ‘मूडल’ (२००२), ‘बिगब्लूबटन’, ‘जित्सी’ यांसारखी साधने स्वतः मुक्तस्रोतच आहेत. एखाद्या महाविद्यालयास ती आपल्या सेवा-संगणकावर बसवून चालविता येतात व ते चालविणे हाच विद्यार्थ्यांचा उत्तम पाठ ठरतो.

प्रशिक्षणाची खरी कसोटी सत्रानंतर लागते. शिकणाऱ्याने एखादा दोष नीट नोंदविणे, दस्तऐवजातील चूक सुधारणे किंवा आज्ञासूचीतील काही वाक्यांचे मराठी भाषांतर करणे, हे पहिले योगदान होय. भाषांतरास कार्यक्रमलेखनाचे ज्ञान लागत नसल्याने मराठी विद्यार्थ्यांना हा मार्ग विशेष सुलभ आहे. मात्र या पहिल्या कामाची कोणी आठवडेच्या आठवडे दखल घेतली नाही, तर नवखा बहुधा परत येत नाही. दुसरी उणीव विद्यार्थी-गटांच्या रचनेतच आहे. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. जाणते विद्यार्थी नेमके शिकविण्यास तयार होतात, तेव्हा नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळूरला निघून जातात. त्यांच्या सत्रांची टिपणे, चित्रमुद्रणे, सोडविलेल्या प्रश्नांची नोंद आणि संकेतस्थळाचे परवलीचे शब्द पुढील तुकडीच्या स्वाधीन केले गेले नाहीत, तर दर वर्षी कामास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. त्याच आंतरजालाच्या आधारे काही माजी विद्यार्थी दूर राहूनही मार्गदर्शन करू शकतात.