मुंबई ते कोलंबो : अंतर आणि काळ

श्रीलंकेच्या धम्मयात्रेस निघू इच्छिणारे वळ व भिवंडी परिसरातील उपासक-उपासिका मुंबईहून कोलंबो किती दूर आणि विमानास किती वेळ लागतो, असे नेहमी विचारतात. प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर वयोवृद्ध यात्रेकरूंची प्रकृती आणि साऱ्या यात्रेचे नियोजन अवलंबून असते. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस उचित वाटते.

ही वाट आपणांस नवी नाही. वळच्या वायव्येस असलेले सोपारा हे पाली वाङ्मयातील सुप्पारक होय. विजयाचे जहाज प्रथम येथे लागले व नंतर तो लंकेस पोहोचला, असे महावंस सांगतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा अंशही सोपाऱ्यास मिळाला. अशोकपुत्र महेंद्र थेर आकाशमार्गाने लंकेतील मिस्सक पर्वतावर उतरले, तर संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची शाखा घेऊन ताम्रलिप्तीहून समुद्रमार्गे गेल्या, असे त्याच ग्रंथात म्हटले आहे. मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने याच द्वीपास गेले होते.

आता अंतराकडे वळू. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन नगरांमधील हवाई अंतर तिच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वक्ररेषेने मोजतात. त्या मापाने मुंबई व कोलंबो यांच्या विमानतळांतील अंतर सुमारे १,५२५ किलोमीटर भरते. प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने दोन तासांहून कमी वेळ पुरावा. परंतु थेट विमानाच्या वेळापत्रकात सुमारे अडीच तास धरलेले असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे व पुन्हा जमिनीवरून थांब्यापर्यंत येणे, हा सारा काळ त्यात मोजलेला असतो. वाऱ्याच्या दिशेप्रमाणेही थोडा फरक पडतो. घड्याळ मात्र बदलावे लागत नाही. १९९६ ते २००६ या काळात श्रीलंकेची वेळ आपल्याहून पुढे होती; एप्रिल २००६ पासून दोन्ही देशांची प्रमाणवेळ एकच आहे.

तथापि विमानाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी तीन तास विमानतळावर पोहोचणे इष्ट असते. वळहून निघणाऱ्याला गोदामांच्या मालमोटारींमधून कशेळी-ठाण्याची वाट काढावी लागते. तेथे अंतर थोडे, पण वेळ बेभरवशाचा. पलीकडे विमान उतरते ते कोलंबो शहरात नव्हे, तर उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या कटुनायके येथे. तेथून अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष सुमारे १७० किलोमीटर दूर. मोटारीने चारएक तास लागतात. म्हणजे आकाशातील अडीच तासांपेक्षा जमिनीवरचे तासच अधिक होतात, आणि वृद्धांना थकवा येतो तोही तेथेच.

यास्तव पहिल्या दिवशी अनुराधपूर गाठण्याचा आग्रह न धरता विमानतळाजवळील नेगोंबो येथे मुक्काम करावा व पहाटे पुढे निघावे, असे आम्ही सुचवितो. ज्येष्ठ पौर्णिमेस, म्हणजे महेंद्र थेरांच्या आगमनदिनी, अनुराधपूर व मिहिंतले येथे मोठी गर्दी असते. त्या वेळी एक दिवस अधिकच हाताशी ठेवावा. ज्या बोधिवृक्षाखाली बसण्यासाठी एवढा प्रवास करावयाचा, तेथे शांत चित्ताने बसण्याइतके बळ शरीरात शिल्लक राहिले पाहिजे.