शिपायाची पाठ

शिपाई रणांगणावरून माघारी आला म्हणजे त्याला गोळी लागली असावी, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २००४ ते २००७ या काळात इराक व अफगाणिस्तानातून प्रकृतीच्या कारणाने हलविलेल्या, मुख्यतः अमेरिकन अशा ३४ हजार सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत लढाईतल्या जखमा शेकडा १४, हाडे-सांधे-स्नायूंचे विकार शेकडा २४ आणि पाठ-मानेची दुखणी आणखी ७ निघाली. पाठ धरलेले शिपाई कामावर परतण्याचे प्रमाणही कमीच होते.

असे का व्हावे? २००३ साली अफगाणिस्तानात मोजले, तेव्हा पायदळातल्या शिपायाच्या अंगावर लढतानाच सुमारे २९ किलो ओझे होते. स्नायू थकले, की तो भार मणक्यांवर आणि त्यांमधल्या चकत्यांवर पडतो. त्यात गाडीचे हादरे, जागरण आणि भीती यांची भर पडते. ताणलेल्या मज्जासंस्थेला वेदना अधिक जाणवते.

म्हणूनच क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसले नाही, तरी दुखणे खोटे ठरत नाही. अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. बेताबेताने वाढविलेली हालचालच पाठ सावरते. परंतु 'कामचुकार' म्हणतील या धास्तीने शिपाई गप्प राहिला, तर उपचार सुरू तरी कसे व्हावेत?