दगडातली नौका, चिखलातली नौका

पनवेलची खाडी मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते आणि तिच्या दोन बाजूंना, उत्तरेस ठाणे व दक्षिणेस चौल, ही शिलाहारकाळातील गजबजलेली बंदरे होती. 1094 च्या खारेपाटण ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेवाने या बंदरांत येणाऱ्या काही जहाजांना जकात माफ केली. अशा नौकांचे रूप बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, आढळते: टोकदार नाळ, एक डोलकाठी आणि वल्ह्यांची रांग. मात्र शिल्पी नौकेचा बाह्याकार कोरतो. फळ्या एकमेकींना कशा जोडल्या होत्या, हे केवळ लाकूडच सांगू शकते.

अरबी समुद्राच्या याच किनाऱ्यावर तसे लाकूड केरळमध्ये सापडले. आलप्पुळा जिल्ह्यातील ताइक्कल-कडक्करप्पळ्ळी येथे 2002 मध्ये शेतजमिनीत एक मध्ययुगीन नौका आढळली आणि 2003 मध्ये तिचे उत्खनन झाले. सुमारे 18 मीटर लांबीच्या या नौकेचा तळ सपाट असून तिच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या आहेत. इंडोनेशियाजवळ बुडालेल्या नवव्या शतकातील बेलितुंग जहाजाच्या फळ्या मात्र दोरीने शिवलेल्या होत्या. हिंदी महासागरात जहाजबांधणीच्या एकाहून अधिक पद्धती नांदत होत्या, हे अशा जोडांवरूनच उमगते.

ओल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलात लाकूड शतकानुशतके टिकते, पण त्याच्या पेशींना आतल्या पाण्याचाच आधार असल्यामुळे ते अचानक वाळले की आकसते, वाकते, तडकते. म्हणून उत्खननात लाकूड सतत ओले ठेवतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात आणि खिळ्यांची छिद्रे, हत्यारांचे घाव व डागडुजीच्या खुणा मोजून रेखाटतात. पुढे पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ मुरवून पाण्याची जागा भरतात. वेल्समधील न्यूपोर्ट येथे 2002 मध्येच, इमारतीच्या बांधकामात, पंधराव्या शतकातील जहाज सापडले, तेव्हा त्याचा एकेक भाग सुटा करून संगणकाला जोडलेल्या टोकदार मापकाने त्रिमितीत नोंदवला गेला. लाकडाच्या वार्षिक वलयांवरून त्या जहाजाची बांधणी 1449 च्या सुमाराची ठरली.

तुकडा जागेवरून हलला की त्याचा शेजाऱ्याशी असलेला संबंध तुटतो, आणि नौकेची रचना त्या संबंधातच असते. म्हणूनच पनवेलसारख्या, भराव घालून जमीन वाढत गेलेल्या खाडीकाठी, पायाच्या खड्ड्यात जुनी फळी लागली, तर ती उपसण्याआधी जागच्या जागी ओली राखून नोंदवणे हेच उत्खननाचे पहिले काम ठरते.