कांचमण्यांचें मूर्तिकाम



मण्यांचें काम म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रुखवत उभें राहतें. मण्यांचे राघू आणि मोर, तांब्यावरची जाळी, सोंगट्यांचा पट, दारावरचें तोरण. मुलगी सासरीं जातांना हें सारें मांडून ठेवावयाचें, चार पाहुण्यांनीं वाहवा करावयाची आणि मग तें कपाटांत जावयाचें. किती दिवस लागले, हिशेब कसा बसविला, हें कोणी विचारीत नसे. 'मुलीच्या हातचें आहे' एवढें म्हटलें कीं झालें. आज ज्या कलेविषयीं मी बोलणार आहें, ती याच सुईदोऱ्याची आणि याच कांचमण्यांची आहे. मात्र तिच्या कृति आतां मोठमोठ्या संग्रहालयांत मांडल्या जातात, आणि त्यांच्याखालीं करणारणीचें नांव लिहिलेलें असतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. मणी चिकटविणें वेगळें आणि मणी विणणें वेगळें. पश्चिम मेक्सिकोंतील डोंगराळ भागांत विशारिका नांवाचे लोक राहतात. बाहेरचे लोक त्यांना हुइचोल म्हणतात. लांकडावर मेणाचा थर देऊन त्यांत एकेक मणी दाबून बसवावयाचा, ही त्यांची रीत. २०१० सालीं त्यांच्यांतील दोन कुटुंबांनीं एक फोक्सवॅगन मोटार वीस लाखांहून अधिक मण्यांनीं मढवून काढली. लिझा लू या अमेरिकन कलावतीनें १९९१ पासून १९९६ पर्यंत पांच वर्षें खपून एक सबंध स्वयंपाकघर मण्यांनीं मढविलें. नळाचें पाणी, मोरींतील भांडीं, चुलींतला पदार्थ, सारें मण्यांचें! तें न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत आहे. हीं कामें अद्भुत खरीं. पण त्यांचा आकार आंतल्या सांगाड्याचा असतो, मणी म्हणजे केवळ अंगावरचा साज. विणकामांत मण्यांखालीं दुसरें कांहीं असावेंच लागत नाहीं. मणी आणि दोरा मिळूनच वस्तु उभी राहते. माझ्या मतें खरें नवल येथें आहे.

तें कसें घडतें, हें थोडें विस्तारानें सांगतों. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या मणीकामांत एक वीण आहे. तिला पेयोटी वीण म्हणतात. पहिली ओळ साधी ओंवावयाची. परत फिरतांना सुईंत एक नवा मणी घ्यावयाचा, खालचा एक मणी सोडावयाचा आणि त्यापुढील मण्यांतून सुई बाहेर काढावयाची. असें केल्यानें प्रत्येक नवा मणी दोन मण्यांमधील खांचेंत जाऊन बसतो. गवंडी विटांचे सांधे चुकवितो, त्यांतलाच हा प्रकार. दुसऱ्या एका विणींत चार चार मण्यांचीं कडीं करतात, आणि प्रत्येक कड्यांतील एक मणी शेजारच्या कड्याशीं सामाईक ठेवतात. हिचें कापड मऊ पडतें, तर पेयोटी विणीचें, दोरा ताणून ओढल्यास, चांगलें ताठ उभें राहतें.

आतां यांतून गोलाई कशी येते? मी सारा जन्म गणित शिकविलें, त्यामुळें मला या प्रश्नाचें उत्तर फार आवडतें. एका मण्याभोवतीं मण्यांचें कडें करा, त्याभोवतीं दुसरें, मग तिसरें. प्रत्येक नव्या कड्याची त्रिज्या एका मण्याच्या जाडीनें वाढते, म्हणून परीघ त्या जाडीच्या सव्वासहा पटींनीं वाढतो. म्हणजे दर फेरीस सुमारें सहा मणी वाढविले तर चकती सपाट राहते. कमी वाढविले तर कडा आंत ओढल्या जातात आणि वाटी तयार होते. जास्त वाढविले तर कडेला जागा पुरत नाहीं, आणि झग्याच्या झालरीसारख्या चुण्या पडतात. गाल, नाक, बोटें, साडीचा घोळ, सगळें याच वाढविण्या-घटविण्यांतून निघतें. ज्या आजीबाई मण्यांचा राघू करीत, त्यांनीं भूमितीचें पुस्तक पाहिलें नसेल; पण राघूचें पोट कोठें फुगवावयाचें हें त्या बोटांनीं मोजीत होत्या.

चित्रमय पटाचा हिशेब सोपा, पण छाती दडपणारा आहे. मण्यांचा क्रमांक जितका मोठा तितका मणी बारीक; अकरा क्रमांकाचा मणी साधारण २ मिलिमीटरांचा. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या तुकड्यास अडीच हजार मणी लागतात, आणि एक मीटर चौरस पटास अडीच लाख. त्यांतील प्रत्येक मणी सुईवरून गेलेला.

आणि सारा भार त्या दोऱ्यावर! इजिप्तमध्यें गिझा येथें १९२७ सालीं एका अस्पर्श राहिलेल्या थडग्यांत स्त्रीच्या अंगावरील मण्यांच्या जाळीचा पोषाख सांपडला. खुफू राजाच्या काळचा, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वींचा. दोरा पार कुजून गेला होता. पण कांहीं मणी आपल्या मूळ जागीं तसेच पडून होते. त्यावरून सुमारें सात हजार मणी पुन्हां गुंफून तो पोषाख उभा केला. तो बोस्टनच्या ललितकला संग्रहालयांत आहे.

या कलेला मूर्तिकलेच्या पंक्तीस बसविण्याचें श्रेय ज्यांना द्यावें, त्यांत जॉईस स्कॉट या बाईंचें नांव मी पहिलें घेईन. जन्म १९४८ सालचा, अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, कृष्णवर्णीय कुटुंबांत. आई एलिझाबेथ स्कॉट गोधड्या शिवीत. त्या गोधड्याही आतां संग्रहालयांत आहेत, हें आपल्याकडील गोधडी शिवणाऱ्यांनीं ऐकून ठेवावें. १९७६ सालीं मेन प्रांतांतील एका हस्तकलेच्या शाळेंत जॉईसबाई मस्कोगी जमातीच्या एका कलावतीकडून पेयोटी वीण शिकल्या. भट्टी नको, हातोडा नको. सुई, दोरा आणि मण्यांची पिशवी घेऊन कोठेंही बसावें. शिवाय मणी कांचेचे असल्यामुळें उजेड मूर्तीच्या अंगांतून आरपार जातो. दगडाच्या वा पितळेच्या मूर्तीस हें साधत नाहीं.

पण त्यांच्या कामाचें मर्म केवळ चकाकींत नाहीं. त्यांची १९९१ सालची एक कृति आहे. एक काळी दाई गोऱ्या बाळाला दोन्ही हातांनीं उंच धरून उभी आहे, आणि तिचें स्वतःचें मूल खालीं तिच्या झग्याला बिलगलें आहे. स्वतः त्यांच्या आईनें परक्यांच्या घरीं मुलें सांभाळलीं होतीं. रंगांची झळाळी पाहून मनुष्य जवळ जातो, आणि जवळ गेल्यावर आपण काय पाहत आहोंत हें त्याला कळतें. तोंवर मागें फिरण्याची वेळ गेलेली असते. वर्णद्वेष, गुलामगिरी, स्त्रियांवरील अत्याचार हे विषय त्यांनीं मण्यांत विणले. ज्या साहित्याला लोक खेळणें समजत, त्याच साहित्यांत हें सांगितल्यामुळें तें अधिक बोंचतें. २०१६ सालीं त्यांना मॅकआर्थर विद्यावेतन मिळालें.

मघांच्या लिझा लू यांचीही गोष्ट पुरी केली पाहिजे. २००५ सालीं त्या दक्षिण आफ्रिकेंत डर्बनला गेल्या व तेथील झुलू स्त्रियांसह काम करूं लागल्या. झुलू घराण्यांत मणीकाम परंपरेचें. तेथें चिकटविणें मागें पडलें आणि विणणें पुढें आलें. पुढें त्यांनीं पांढऱ्या मण्यांचे हजारावर रुमालाएवढे तुकडे भिंतीवर मांडले. वर कांहीं चित्र नाहीं. पण विणणाऱ्या बोटांच्या तेलानें व घामानें प्रत्येक तुकड्यावर निराळी छटा आली होती, आणि ती धुऊन न टाकतां तशीच ठेवली. एकीचा हात दुसरीसारखा नसतो, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें. तरीही मला एक टोंचणी राहते : भिंतीवरचें ठळक नांव एकच असतें.

आपल्या घरीं जुनें तोरण असेल आणि त्याचा सुती दोरा कुजला असेल, तर तें कापूं नये. पांढऱ्या कापडावर पसरून आधीं चौकटीच्या कागदावर एका घरास एक मणी याप्रमाणें नक्षी रंगीत पेन्सिलींनीं उतरवून घ्यावी. मग एका वेळीं एकच ओळ सोडवून नव्या नायलॉनच्या दोऱ्यांत ओंवावी. मण्याच्या भोंकाची धार दोऱ्याला कापते, म्हणून फुटक्या कडेचे मणी वेचून बाजूस काढावे. नवे मणी घालावे लागले तर ते शेंड्याकडील घोंसांत घालावे. मधल्या नक्षींत जुनेच राहूं द्यावे.