इंजिन बदला, डबे नको!

मी शिरूरचा आणि माझा प्रोजेक्ट पार्टनर दौंडचा. दिवाळीच्या सुट्टीत दोघं आपापल्या घरून काम करत होतो. त्याच्या वडिलांच्या उसात आम्ही ओलावा मोजणारे सेन्सर लावलेत. चार महिन्यांच्या नोंदी क्लाउडवरच्या एका सर्व्हरमध्ये होत्या. हा सर्व्हर आम्ही टेराफॉर्मने उभा केला होता. म्हणजे काय हवं ते फाईलमध्ये लिहायचं. टेराफॉर्म ते उभं करतं आणि त्याची नोंद 'स्टेट' फाईलमध्ये ठेवतं.

एका रात्री त्याचा फोन, "अरे, एरर येतेय!" माझ्याकडे मात्र सगळं सुरळीत. फाईल तर तीच!

शोधल्यावर कळलं. एडब्ल्यूएसशी बोलणारा भाग, म्हणजे 'प्रोव्हायडर', टेराफॉर्मपेक्षा वेगळा असतो आणि त्याच्या आवृत्त्याही वेगळ्या. सीनियरकडून घेतलेल्या फाईलमध्ये आवृत्ती ठरवलेलीच नव्हती, आणि लॉक फाईल आम्ही गिटमध्ये टाकली नव्हती. त्याने नव्या लॅपटॉपवर 'इनिट' केल्याबरोबर थेट ६ वी आवृत्ती उतरली. माझ्याकडे अजून ४ थी! आमच्या फाईलमध्ये स्थिर आयपीसाठी 'व्हीपीसी = ट्रू' अशी ओळ होती. २०२३ च्या ५.० आवृत्तीने 'ही जाणार, डोमेन वापरा' असा इशारा दिला होता. जून २०२५ च्या ६.० ने ती काढूनच टाकली. आम्ही मधली पायरी गाळली, म्हणून इशारा दिसलाच नाही.

मी ओळ दुरुस्त केली आणि, नको तिथे हुशारी, फाईलमधलं सर्व्हरचं नावही बदललं. मग 'प्लॅन' चालवला. शेवटी लिहिलं होतं: एक नवीन, एक नष्ट! नाव बदललं की टेराफॉर्म समजतं, जुना सर्व्हर नको, नवा हवा. तेव्हा सवयीने 'येस' दाबलं असतं, तर काकांना काय तोंड दाखवलं असतं? २०२१ च्या १.१ आवृत्तीपासून यासाठी 'मूव्ह्ड' ब्लॉक आहे. त्यात जुनं-नवं नाव लिहिलं आणि 'नष्ट' शून्यावर आलं.

तर आमचे नियम असे. आवृत्ती फाईलमध्ये बांधून ठेवा, लॉक फाईल गिटमध्ये टाका. एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढा, प्रत्येक पायरीवर इशारे वाचा. त्याच दिवशी दुसरी कुठलीही साफसफाई नको. स्टेटची प्रत घ्या. पण स्टेट म्हणजे डेटा नव्हे, म्हणून डिस्कचा बॅकअप वेगळा. आणि प्लॅनमध्ये 'नष्ट' दिसलं की थांबा.

मनमाडकडून पुण्याला येणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावत. डबे तेच, प्रवासी तेच, चहासुद्धा सांडत नसे. अपग्रेड असंच व्हावं, नाही का?