गळणारी क्लासिक स्पोर्ट्स कार आली तर इस्टिमेट कसं द्यायचं?

जुन्या गाड्यांचं छोटं गॅरेज काढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. गिऱ्हाईक एमजीबी घेऊन येतं आणि विचारतं, "खाली तेल पडतंय, किती लागतील?" तुम्ही तिथल्या तिथे आकडा सांगितलात की फसलात.

का, ते गाडी समजून घेतली की कळेल. एमजीबी ही इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. चार सिलिंडर, १७९८ सीसी. क्रँकचं मागचं ऑइल सील बदलायचं तर या गाडीत गिअरबॉक्स एकटा खाली काढता येत नाही, इंजिन उतरवावंच लागतं. सील स्वस्त, लेबर महाग. समजा, तुमच्या दोन माणसांचे तीन दिवस गेले आणि गाडी परत टिपकायला लागली. आता ते तीन दिवस कोणाच्या खात्यावर?

असं होतं, कारण गळती दिसते एकीकडे आणि असते दुसरीकडे. गिअरबॉक्सच्या पुढच्या हाउसिंगला तळाशी एक भोक असतं. तिथून तेल टपकलं की सगळे मागच्या सीलवर बोट ठेवतात. पण वरच्या रॉकर कव्हरचं गॅस्केट गेलं तरी तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत तिथेच पोचतं. इंजिनच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या मागे लपलेली दोन टॅपेट कव्हर असतात. त्यातलं मागचं गळलं तरी तेच. गिअरबॉक्सचं पुढचं सीलही संशयितांत धरा. वासावरून ओळखू म्हणाल, तर या गिअरबॉक्सलाही इंजिन ऑइलच लागतं!

म्हणून पहिलं बिल फक्त तपासणीचं करा, आणि ते फुकट करू नका. इंजिन खालून-वरून स्वच्छ धुवा. दोन्हीकडच्या तेलाची पातळी वहीत लिहा. फक्त इंजिनच्या तेलात चमकणारा रंग घाला, गाडी फिरवून आणा आणि निळ्या दिव्याखाली वरून खाली बघत या. सगळ्यात उंचावरची ओली जागा आधी धरायची. ब्रीदरची नळी तुंबलीय का, तेही बघा. तुंबली असेल तर आतली हवा कोंडते आणि चांगल्या गॅस्केटमधूनसुद्धा तेल बाहेर ढकलते. ही साफसफाई म्हणजे किरकोळ काम, पण ती राहिली तर नवं सीलही बदनाम होतं.

मग वरची, स्वस्त कामं: रॉकर कव्हर, टॅपेट कव्हर. (गळतंय म्हणून पाना अजून आवळू नका, पत्रा वाकतो आणि गळती वाढते.) ही झाली की गाडी गिऱ्हाइकाला आठ-दहा दिवस चालवायला द्या. बऱ्याचदा इंजिनला हात लावायची वेळच येत नाही. तीन दिवसांचं लेबर बुडालं म्हणून हळहळू नका. तेच गिऱ्हाईक पुढची गाडी तुमच्याकडे आणतं.

तरी गळलंच, तर दुसरं इस्टिमेट. इथे इंजिन एकदाच उतरेल असा हिशोब मांडा. मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील, चेंबरचं गॅस्केट, पुढच्या पुलीमागचं सील, इंजिनची माउंटिंग. क्लच प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग उघडल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून त्यांचा भाव "लागल्यास" असा वेगळा लिहा. त्यापुढे गिऱ्हाइकाची सही. वाटेत काम वाढलं तर फोटो पाठवा, होकार लेखी घ्या, मगच पुढे जा.

आकडा लिहिण्याआधी इंजिनचा नंबर नक्की बघा. १८जी किंवा १८जीए असेल तर ते तीन बेअरिंगचं जुनं इंजिन. त्यात मागे रबरी सील नसतंच! क्रँकवरचे आटे तेल आत परतवतात. ते थोडंफार टिपकणारच. हे इस्टिमेटवर ठळक लिहा, "गळती १००% बंद" असं वचन अजिबात देऊ नका. १९६४ च्या अखेरीस आलेल्या १८जीबीपासून पाच बेअरिंग आणि खरं सील आहे.

सुटे भाग इंग्लंडमधून मागवावे लागतात. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून भाव लावा, आणि सगळं एकाच पार्सलमध्ये मागवा. दर वेळी एकेक सील मागवलंत तर नफा वाहतुकीतच जाईल. भागांचे पैसे ॲडव्हान्स घ्या. पार्सल आलं की प्रत्येक सील नंबराशी जुळवून बघा, आणि मगच इंजिनला चेनपुली लावा. नाहीतर अर्धी खोललेली गाडी तुमच्या एकुलत्या एका बेमध्ये महिनाभर उभी राहते आणि रोजचं काम दारातून परत जातं.