विश्लेषण : सॉफ्टवेअरमधील त्रुटी आधी कुणाला सांगायची?

‘लॉगफोरजे’ हे नाव सामान्य वापरकर्त्यांनी कधी ऐकलेही नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र त्यातील एका त्रुटीने जगभरातील कंपन्या आणि सरकारी यंत्रणांची झोप उडवली. ही त्रुटी आधी कुणाला कळवायला हवी होती, यावरूनही वाद झाला.

त्रुटी काय होती?

सर्व्हरवर काय घडले याची नोंद ठेवण्याचे काम ‘लॉगफोरजे’ करते. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. म्हणजे ते मोफत वापरता येते आणि त्याचा कोड सर्वांना पाहता येतो. ‘अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन’च्या छत्राखाली स्वयंसेवक ते सांभाळतात. नोंदीत विशिष्ट मजकूर घुसवला की हल्लेखोराला सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. ‘माइनक्राफ्ट’ गेमच्या चॅटमध्ये तो टाइप करणेही पुरेसे होते. त्रुटीच्या तीव्रतेला १० पैकी १० गुण मिळाले.

ती उघड कशी झाली?

‘अलिबाबा क्लाउड’चे चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबरला ती अपाचेला खासगीत कळवली. रूढ पद्धत हीच आहे : आधी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना सांगायचे, दुरुस्ती तयार झाली की सर्वांना. पण ओपन सोर्समध्ये दुरुस्तीही उघड्यावर होते आणि कोडमधील बदलांवरून जाणकारांना त्रुटीचा अंदाज येतो. ९ डिसेंबरला हल्ल्याचा नमुना समाजमाध्यमांवर आला; १० डिसेंबरला दुरुस्त आवृत्ती जाहीर झाली. ‘क्लाउडफ्लेअर’ला तर १ डिसेंबरच्याच हल्ल्याच्या खुणा सापडल्या. पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली.

वाद कशाचा?

चीनमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून नवे नियम लागू झाले होते. त्यानुसार उत्पादक कंपन्यांनी त्रुटी दोन दिवसांत उद्योग मंत्रालयाला कळवणे बंधनकारक आहे. अलिबाबा क्लाउडने वेळेत कळवले नाही म्हणून मंत्रालयाने तिच्यासोबतचे माहिती देवाणघेवाणीचे सहकार्य सहा महिने स्थगित केले. पण दुरुस्तीपूर्वी जितक्यांना त्रुटी ठाऊक, तितका ती फुटण्याचा धोका अधिक. शिवाय सरकारी यंत्रणा तिचा वापर हेरगिरीसाठी करतील, ही भीती आहेच.

भारतात काय करावे?

त्रुटी सापडल्यास प्रकल्पाच्या सुरक्षा पथकाचा पत्ता शोधून खासगीत कळवावे. प्रतिसाद न मिळाल्यास केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ची मदत घेता येते. त्रुटींना क्रमांक देण्याचे अधिकारही तिला आहेत. इतरांनी अपडेटची सूचना पुढे ढकलू नये. त्रुटी जाहीर झाली की ती हल्लेखोरांनाही कळलेली असते.